तोच बिघाड पुन्हा का येतो? बेळगाव-निपाणीच्या मातीतल्या फोर-बाय-फोर गाड्या

निपाणीहून महामार्गाने बेळगाव गाठायचं तर अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. तिथून जांबोटी-कणकुंबीकडे वळलं की आणखी तासाभराची वाट. एवढ्या पट्ट्यात जमीन पार बदलते. निपाणी, अक्कोळ, चिकोडीकडे काळं रान, तंबाखू आणि ऊस. खानापूर तालुक्यात शिरलं की तांबडी माती, जांभ्याचे खडे, भाताची खाचरं आणि पावसाळाभर धरून बसणारा पाऊस. पुढे गोव्याकडे उतरणारा चोर्ला घाट, चंदगडच्या बाजूला तिलारी.

या भागाला चारी चाकं ओढणाऱ्या गाडीची गरज जुनी आहे. विलीज जीप १९४१ साली युद्धासाठी तयार झाली. दशक संपता संपता महिंद्रांनी मुंबईत माझगावला तिची जोडणी सुरू केली आणि तिच्या वंशातल्या जीपांनी पुढे सीमाभागात वडापची, म्हणजे शेअर प्रवासी वाहतुकीची, कितीतरी वर्षं काढली. आता दिसते ती नाशिकच्या कारखान्यात बनणारी थार, मारुतीची जिम्नी, फोर्सची गुरखा आणि लष्कराच्या लिलावातून आलेल्या, हौसेने उभ्या केलेल्या जिप्सी. २०२० साली आलेल्या थारचं पेट्रोल इंजिन १५० अश्वशक्तीचं आहे. एवढी ताकद, त्यावर चढवलेली मोठी टायरं आणि हा चिखल एकत्र आल्यावर काहीतरी मोडणारच. मालकाला खरा वैताग येतो तो मोडलेलं दुरुस्त करूनही परत मोडल्यावर. सील बदललं, महिन्याभरात हाऊसिंग पुन्हा ओलं. क्रॉस नवे घातले, तरी थरथर तशीच. गॅस्केट टाकलं आणि पुढच्या घाटात तापमानाचा काटा पुन्हा वर.

एकच भाग तिसऱ्यांदा बदलावा लागत असेल, तर तो भाग दुसऱ्या कशाचा तरी मार खातो आहे असं समजावं. तो मार कुठून येतो हे शोधण्याची पद्धत आहे, आणि आपल्या भागात तिची सुरुवात मातीपासून होते.

कुठल्या मातीतून आली?

काळी माती चिकट. भिजली की फुगते, चाकाच्या कमानीत आणि प्रॉपेलर शाफ्टवर थराने बसते आणि वाळली की दगडासारखी होते. तिच्यामुळे येणारे बिघाड वजनाचे आणि अडकण्याचे असतात: तोल गेलेली चाकं, बुजलेला रेडिएटर, दाबून फाटलेले रबरी बूट. उन्हाळ्यात हीच माती पिठासारखी उडते. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांनी पाणंदी दळून निघतात आणि ती धूळ एअर फिल्टरपर्यंत पोचते.

तांबडी माती वेगळी. पावसात ती पातळ होते आणि जिथे फट सापडेल तिथे शिरते. तिच्यातले बारीक कठीण खडे सीलच्या ओठाला, ब्रेकच्या लायनरला, अल्टरनेटरच्या ब्रशला घासत राहतात. खानापूरकडच्या गाडीचे बिघाड म्हणून झिजेचे आणि पाण्याचे. घाटाचे बिघाड उष्णतेचे: कूलंट, ब्रेक, गिअरबॉक्सचं तेल.

गाडी गॅरेजमध्ये घेताना चांगला मेस्त्री आधी किलोमीटर विचारत नाही. गाडी कुठे फिरून आली ते विचारतो. त्या उत्तरात निम्मा शोध लागलेला असतो.

पाना उचलण्याआधी

गाडी थंड असताना आवाज येतो की तापल्यावर? सरळ जाताना की वळताना? ठरावीक वेगाला येतो, की इंजिनच्या ठरावीक फेऱ्यांना? हा फरक फार मोलाचा आहे. साठच्या वेगाला येणारी थरथर गिअर बदलूनही तशीच राहिली, तर दोष चाकांकडे किंवा शाफ्टकडे आहे. गिअर बदलताच ती थांबली, तर इंजिन, त्याची माउंटिंग किंवा क्लच पाहावा. ही परीक्षा फुकट आहे आणि रस्त्यावर दोन मिनिटांत होते.

आणखी एक प्रश्न बहुतेक जण विसरतात: बिघाड सुरू होण्याआधी गाडीचं शेवटचं काम कोणतं झालं होतं? लिफ्ट किट बसलं होतं का, टायर बदलले होते का, गिअरबॉक्स उतरवला होता का? परत परत येणाऱ्या तक्रारींचं मूळ पुष्कळदा त्या आधीच्या कामात सापडतं.

नव्या गाड्यांत डॅशबोर्डवर दिवा लागला की स्कॅनर लावून कोड पुसून टाकायची घाई होते. कोड पुसण्याआधी तो लिहून घ्यावा आणि त्याच्यासोबत संगणकाने साठवलेली नोंदही पाहावी. बिघाड झाला त्या क्षणी वेग किती होता, इंजिनचं तापमान काय होतं, भार किती होता, हे तिथे असतं. ती पुसली गेली की पुन्हा अंधारात चाचपडणं आलं. आणि दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार भाग एकदम बदलल्यावर बिघाड गेला, तरी कशाने गेला ते कळत नाही. मग तो परत आला की पुन्हा चारही भागांचा खर्च.

हाऊसिंगची गळती: सील निर्दोष असतं तेव्हा

माझ्या मते या भागातला सगळ्यात जास्त चुकीचा हाताळला जाणारा बिघाड हाच. डिफरन्शियलच्या पिनियनजवळ किंवा मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेल दिसतं. ऑईल सील बदलतात. महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेल.

अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगवर एक छोटी टोपी असते, ब्रीदर. डिफरन्शियलचं तेल तापलं की आतली हवा फुगते आणि या टोपीतून बाहेर पडते. थंड झालं की हवा आत येते. चिखलात फिरलेल्या गाडीत ही टोपी बुजते. मग फुगलेल्या हवेला वाट उरते ती एकच, सीलच्या ओठाखालून. तेल तिच्याबरोबर बाहेर येतं. नवं सील घातलं तरी दाब तोच असतो, म्हणून तेही गळतं. सील बदलायला सांगण्याआधी ब्रीदर काढून धुवावा, फुंकून हवा जाते का पाहावं. वारंवार पाण्यातून जाणाऱ्या गाडीला ब्रीदरच्या जागी नळी जोडून ती इंजिनच्या खोलीत उंचावर न्यावी. खर्च किरकोळ आणि उपयोग वर्षानुवर्षांचा.

ब्रीदर मोकळा असूनही गळती थांबत नसेल, तर शाफ्ट पाहावा. सीलचा ओठ जिथे फिरतो तिथे तांबड्या मातीच्या खड्यांनी शाफ्टला गोल चर पडतो. त्यावरून नख फिरवावं. नख अडकलं तर नवं सील टिकणार नाही. त्या जागी पातळ स्लीव्ह चढवता येते, किंवा जागा असेल तर सील किंचित पुढे-मागे बसवून ओठाला न झिजलेली जागा देता येते. तिसरी शक्यता बेरिंगची. बेरिंगला खेळ असला की शाफ्ट डगमगतो आणि कुठलंच सील त्याच्यामागे धावू शकत नाही.

जिप्सी आणि जिम्नीसारख्या, पुढे अखंड अ‍ॅक्सल असलेल्या गाड्यांत याच गळतीचं वेगळं रूप दिसतं. पुढच्या चाकामागचा गोल नकल ओला आणि काळपट होतो. बाहेरचं पुसणीचं सील बदलतात, कारण डोळ्यांना तेच दिसतं. खरा दोष आत असतो. अ‍ॅक्सलच्या टोकाचं आतलं सील गेलेलं असतं, डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये येऊन तिथलं ग्रीस पातळ करतं आणि ते मिश्रण बाहेर झिरपतं. नकल उघडून ग्रीस बोटांत घेतलं की लगेच कळतं.

तापलेलं हब आणि ओढ्याचं पाणी

घाट उतरून आल्यावर हब, ब्रेक, डिफरन्शियल सगळंच तापलेलं असतं. तशीच गाडी ओढ्यात घातली की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढून घेते. सील बनवलेलं असतं ते मुख्यतः आतलं तेल बाहेर न जाऊ देण्यासाठी. बाहेरून आत येणारी ओढ ते पुरेशी अडवू शकत नाही. म्हणून पाण्यात शिरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं थांबावं. एवढ्या थांबण्याने हब बेरिंगचं आयुष्य खरोखर वाढतं.

पाणी आत गेलं आहे का, हे पाहायची रीत साधी आहे. गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी डिफरन्शियलचा खालचा ड्रेन प्लग किंचित सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि आधी बाहेर येतं. तेल आधीच घुसळून दुधाळ झालं असेल तर विचार करायला जागाच नाही. ते बदलावं आणि थोडे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा बदलावं, कारण पहिल्या वेळी सगळं पाणी निघत नाही. लॉकिंग डिफरन्शियल असेल तर कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच तेल घालावं. दुसऱ्या तेलावर आतला क्लच घसरतो किंवा वळताना कटकट करतो आणि मग विनाकारण डिफरन्शियल उघडलं जातं.

कंपन्या पाण्यातून जाण्याची खोली सांगतात, थारची ६५० मिलिमीटर, गुरखाची ७०० मिलिमीटर. तो आकडा पक्क्या तळाच्या, संथ पाण्यासाठी समजावा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात या भागात महामार्गसुद्धा बंद ठेवावा लागला होता. वेदगंगा, दूधगंगा फुगल्यावर त्या पाण्यात कुठलीच गाडी घालू नये. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या उचलून नेतं. आणि खानापूरच्या जंगलात भीमगड अभयारण्य आहे, २०११ साली जाहीर झालेलं. तिथे परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे आणि तिथल्या ओढ्यांत गाड्या खेळवणं मुळातच वाईट. गाडीची परीक्षा घ्यायला मालकाच्या संमतीने एखादं पडीक रान पुरतं.

साठच्या वेगाला हातात न मावणारं स्टेअरिंग

पुढे अखंड अ‍ॅक्सल असलेल्या गाडीत, एखादा खड्डा किंवा पुलाचा सांधा लागताच पुढची चाकं डावी-उजवीकडे इतकी जोरात थडथडतात की वेग कमी करेपर्यंत थांबत नाहीत. पहिल्यांदा अनुभवणारा माणूस घाबरून जातो. गाडी गॅरेजला नेली की सल्ला मिळतो, स्टेअरिंग डॅम्पर बदला. नवा डॅम्पर लागला की थरथर जाते. काही महिन्यांनी, डॅम्पर जरा मऊ पडला की परत येते.

डॅम्पर हा दोष झाकतो. दोष सहसा चार ठिकाणांपैकी कुठेतरी असतो, आणि ती ज्या क्रमाने स्वस्त आहेत त्याच क्रमाने तपासावीत.

आधी चाकाची आतली बाजू. रिमच्या आत वाळलेला चिखल चिकटून राहतो, बाहेरून गाडी चकाचक धुतलेली असली तरी. पावभर माती एका बाजूला बसली की चाकाचा तोल गेला. ती खरवडून काढल्यावरच बॅलन्सिंग करावं. पुष्कळ तक्रारी इथेच संपतात.

मग सांधे. गाडी जमिनीवर चाकांवर उभी हवी, जॅकवर नको. एकाने आत बसून स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवावं आणि दुसऱ्याने खाली वाकून प्रत्येक सांध्यावर हात ठेवावा: टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक, आणि अ‍ॅक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड रॉड असेल तर त्याचे बुश. दांडी हलते पण पुढचा भाग क्षणभर उशिरा हलतो, असं जिथे जाणवेल तिथे खेळ आहे. पॅनहार्ड रॉडचा बुश डोळ्यांना चांगला दिसतो आणि हाताला मात्र सैल लागतो, म्हणून नुसतं बघून त्याला पास करू नये.

तिसरं ठिकाण किंगपिन बेरिंग. चाक उचलून वर-खाली धरून हलवलं की खेळ कळतो. पण खेळ नसला तरी बेरिंगवरचा ताण कमी झालेला असू शकतो. तो ताण स्प्रिंग काट्याने नकल ओढून मोजतात आणि शिम घालून ठरवून देतात. इकडे हे काम अंदाजाने करायची सवय आहे. मोजून करणारा मेस्त्री मिळाला तर त्याला सोडू नये.

चौथं लिफ्ट किट. रेडियस आर्मवर टांगलेला पुढचा अ‍ॅक्सल असलेल्या गाडीला दोन इंच उचललं की अ‍ॅक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टर कोन घटतो. कॅस्टरमुळेच चाकं वळणानंतर आपोआप सरळ होतात. तो घटला की चाकं भरकटायला मोकळी होतात. उपाय आहे, कॅस्टर दुरुस्त करणारे बुश. पण किट विकताना त्यांचं नाव क्वचित निघतं. लिफ्ट किट आणि रुंद टायर हे या भागातल्या दहांपैकी आठ गाड्यांना लागतच नाहीत, असं माझं ठाम मत आहे. आपल्या पाणंदीत मूळ उंची आणि चांगल्या नक्षीचे टायर पुरतात.

थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, त्यामुळे हा थडथडाट तिच्या वाट्याला सहसा येत नाही. तिला उचलली की दुसरी गोष्ट होते. पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन तीव्र होतो, सीव्ही जॉइंटचा रबरी बूट घडीत घासतो आणि फाटतो. बूट पुन्हा पुन्हा फाटत असेल तर रबराच्या दर्जाला दोष देण्याआधी गाडीची उंची मोजावी.

'टक्' असा आवाज आणि अडकलेला फोर-व्हील

गिअर टाकताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडताना खालून टक् आवाज आला की प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस गेला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. क्रॉस बदलूनही थरथर उरते तेव्हा लोक गोंधळतात. प्रॉपेलर शाफ्टचे दोन भाग दात्यांमध्ये सरकतात. काम करताना ते वेगळे केले आणि जोडताना एक-दोन दाते चुकले, की दोन्ही टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत. मग क्रॉस कितीही नवे असोत, शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात वेग कमी-जास्त करत फिरतो. उघडण्याआधी दोन्ही भागांवर छिन्नीची खूण करावी. खूण नसेल तर दोन्ही योक डोळ्यांनी समोरासमोर लावून घ्यावेत. चिखलातून आल्यावर ग्रीस निपलमध्ये नवं ग्रीस घालून जुनं बाहेर येईपर्यंत दाबावं. ज्या क्रॉसला निपलच नाही तो पाण्यात फिरणाऱ्या गाडीत लवकर जातो, हे गृहीत धरावं.

फोर-व्हीलचा लिव्हर अडकणं हा बहुतेक वेळा बिघाड नसतोच. जिप्सी, जिम्नी, थार यांची फोर-व्हील यंत्रणा पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधून टाकते. कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं, ते त्यांना कापू दिलं जात नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केसमध्ये साठतो. लिव्हर सुटत नसेल तर सरळ रेषेत थोडं मागे जावं, सुटतो. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असले तरी हाच ताण सतत राहतो. ट्रान्सफर केस उघडण्याआधी चारही टायरांचा घेर टेपने मोजावा.

तवंदी घाटात वर जाणारा काटा

तापमानाचा काटा कधी चढतो, याचं उत्तर दोनच प्रकारचं असतं. चिखलात लो रेंजला रांगताना किंवा गावातल्या गर्दीत काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर हवा कमी पडते आहे: पंखा, पंख्याचा क्लच किंवा बुजलेल्या जाळ्या. उलट, निपाणीजवळ तवंदी घाट चढताना पूर्ण भारावर काटा चढत असेल, तर पाणी नीट फिरत नाही: थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा आतून बुजलेला रेडिएटर.

जाळ्यांबद्दल एक सांगायला हवं. टर्बो गाडीत एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर जवळजवळ लागून असतात. चिखल त्यांच्या मधल्या फटीत साठतो. समोरून प्रेशरचं पाणी मारलं की पुढची जाळी स्वच्छ दिसते आणि माती आत आणखी घट्ट बसते; पाकळ्याही वाकतात. आधी माती भिजू द्यावी आणि मग इंजिनच्या बाजूकडून पुढे, कमी दाबाने धुवावं. फारच भरलं असेल तर जाळ्या सुट्या कराव्या लागतात, त्याला इलाज नाही.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नये. ते बहुधा जड असतं, नळ्यांत क्षाराचा थर धरतो. झाकणसुद्धा तपासावं. ते आतला दाब धरून ठेवतं म्हणून कूलंट शंभर अंशांच्या बरंच वर जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली की काही बिघडलेलं नसताना पाणी बाहेर फेकलं जातं.

हेड गॅस्केट दुसऱ्यांदा जात असेल, तर पहिल्या वेळी हेड सपाट आहे की नाही हे तपासलं गेलं नव्हतं, असा माझा पहिला संशय असतो. एकदा जोरात तापलेलं अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं. त्यावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने फट मोजावी, आणि कंपनीच्या मर्यादेबाहेर असेल तर घासून घ्यावं. हेडचे बोल्ट ताणले जाणारे असतील तर ते नवेच लागतात. आणि मुळात गाडी तापली का, हे न शोधता नुसतं गॅस्केट बसवलं तर तिसरी वेळही येईल.

ताकद गेली, दिवा लागला

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला त्याला साधारण ६०० अंशांची उष्णता आणि सलग वीसेक मिनिटांची धाव लागते. घर ते रान, रान ते गाव अशी पाच-पाच किलोमीटरची चाल असलेल्या गाडीत ते जळणं अर्ध्यात तुटतं. काही इंजिनांत त्या वेळी फवारलेलं जादा डिझेल ऑईलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑईलची पातळी वाढलेली दिसते. वाढलेलं ऑईल ही चांगली खूण नव्हे. ते पातळ झालेलं असतं, बदलावंच लागतं. आठवड्यातून एकदा महामार्गावर एका लयीत निपाणी ते संकेश्वर जाऊन यावं, हा औषधापेक्षा चांगला उपाय.

फिल्टर ठीक असूनही ताकद जात असेल तर टर्बोचे रबरी होज पाहावेत. चीर घडीच्या खालच्या बाजूला पडते आणि दाब आल्यावरच उघडते, म्हणून उभ्या गाडीत दिसत नाही. होजच्या बाहेर तेलकट काजळी जिथे दिसेल तिथे चीर शोधावी. आणि रानातल्या बॅरलमधलं डिझेल भरायची सवय असेल तर फिल्टरच्या तळाचं पाणी नियमित सोडावं.

ब्रेक, वायरिंग

थार आणि जिम्नीला मागे ड्रम ब्रेक आहेत. ड्रममध्ये गेलेला तांबडा चिखल बाहेर येत नाही. लायनर आणि ड्रम दोघांना घासत बसतो आणि हँडब्रेक ढिला पडतो. केबल ताणून काम भागवण्यापेक्षा ड्रम उघडून धुणं बरं. एबीएस, हिल होल्ड आणि स्थिरता-नियंत्रणाचे दिवे एकदम लागले तर तीन बिघाड झाले असं समजू नये. चाकाजवळच्या एकाच सेन्सरवर चिखल बसला किंवा त्याची वायर ओढली गेली की सगळे एकत्र लागतात.

विजेच्या तक्रारीत बॅटरी बदलण्याआधी अर्थ तपासावी. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला लावून स्टार्टर फिरवावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी गंजली आहे. विंच बसवली असेल तर तिची जाड केबल थेट बॅटरीला, वेगळ्या कट-ऑफसह हवी; मोठी विंच पूर्ण ओढीला चारशे अँपिअरच्या आसपास खेचते.

काम कुठे करावं

या बाबतीत बेळगावकर नशीबवान आहेत. उद्यमबागेत आणि मच्छेकडे फाउंड्री आणि मशीनिंगची कामं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. शाफ्ट घासून देणारा, हेड सपाट करणारा, हवा तो बुश लेथवर उतरवून देणारा कारागीर इथे मिळतो. मोठ्या शहरात त्यासाठी आठवडा जातो. त्याचा फायदा घ्यावा. पण लेथवाल्याकडे भाग देताना नेमकं माप आणि कारण सांगावं. नुसतं 'सैल झालंय, घट्ट करून द्या' म्हटलं तर तो घट्ट करून देईल आणि बेरिंग तापून जाईल.

वॉरंटीतल्या गाडीचं मात्र वेगळं. तिची प्रत्येक तक्रार जॉब कार्डवर आपल्या शब्दांत लिहून घ्यावी: कुठल्या वेगाला, तापल्यावर की थंड असताना, कधीपासून. 'आवाज येतो' एवढंच लिहिलेलं कार्ड पुढे उपयोगाचं नसतं. तीच तक्रार तिसऱ्यांदा नोंदली गेली की जुन्या कार्डांच्या प्रतींसह लेखी कळवावं.

पाऊस ओसरल्यावर

खानापूर-जांबोटीकडे फिरणाऱ्या गाडीची मोठी तपासणी पावसाआधी नको, दसरा-दिवाळीच्या सुमारास करावी. पावसाने जे आत घातलं ते तेव्हा दिसतं. तिन्ही तेलं, म्हणजे पुढचं डिफरन्शियल, मागचं डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस, थोडी थोडी सोडून पाहावीत. मागचे ड्रम उघडावेत. हब हाताने फिरवून घरघर ऐकावी. ब्रीदर, ड्रेनची भोकं, चॅसीच्या आतली माती धुवावी. चॅसीच्या पोकळीत ओली माती राहिली की गंज आतून खातो आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

निपाणी-चिकोडीकडच्या गाडीने ऊसतोड सुरू होण्याआधी एअर फिल्टर पाहावा, फिल्टरच्या कागदापेक्षा त्याच्या डब्याचं रबर जास्त. फिल्टरच्या पुढच्या पाइपात बोट फिरवावं. बोटाला धूळ लागली तर ती फिल्टरला बगल देऊन इंजिनात चालली आहे. ऑईल कमी होण्याच्या तक्रारीचा उगम कित्येकदा तिथे असतो. स्नॉर्केल बसवलेल्यांनीही हेच पाहावं, कारण नळी छतापर्यंत नेली तरी डब्याच्या तळाचं पाणी सोडायचं भोक उघडं असेल तर ओढ्याचं पाणी तिथून आत जातं. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नये. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढावी, पेट्रोल असेल तर स्पार्क प्लग आणि डिझेल असेल तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढावेत, इंजिन हाताने फिरवून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढावं, ऑईल पाहावं, आणि ते दुधाळ नसेल तरच पुढचा विचार करावा.